परीक्षेच्या दिवसांत म्हैस धुवायची नाही

निरोप फोनवर आला. आमच्या गावाचा एक ग्रुप आहे. लग्नं, वाढदिवस, हरवलेली शेळी आणि मयती, सगळं त्यात एकाच रांगेत येतं. मी अंबाजोगाईच्या मंडईत मेथीची जुडी हातात धरून भाव करत होते, तेवढ्यात फोन थरथरला. ‘कै. मारुतीराव यमगर यांच्या भगिनीचे दुःखद निधन. अंत्यविधी आज दुपारी.’ खाली जोडलेल्या हातांची ही भली मोठी रांग. कै. मारुतीराव म्हणजे माझे वडील. म्हणजे त्यांची भगिनी म्हणजे... माझी आत्या. उलगडा व्हायला थोडा वेळ लागला, आणि झाला तेव्हा रडू यायच्या आधी राग आला. भगिनी? अरे, निम्म्या गावाला वाचायला बसवलेली बाई ती, आणि मेल्यावर तिला नाव न्हाई? भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, बाई, मेथी घ्यायची का ठेवायची? मी जुडी तिथंच ठेवली आणि गावाकडं धाकट्या भावाला, अविनाशला, फोन लावला. आत्याचं नाव का घातलं नाही म्हणून विचारलं, तर तो रडक्या आवाजात म्हणाला, ‘आक्का, असंच लिहितेत सगळे. बायांची नावं कुठं टाकतेत?’

महिना होऊन गेला. दुःखाचं काय, ते येतं जातं. राग मात्र अजून जागचा हललेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तिचं नाव द्वारका. द्वारका किसन यमगर. हे नाव लिहिण्यापायी तिनं काय काय हातचं जाऊ दिलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. उगाच ‘मायेची सावली हरपली’ वगैरे लिहिणार नाही. सावली कसली, रणरणतं ऊन होती ती. तिच्यापुढं उभं राहायचं म्हणजे डोक्यावर पदर घेऊनच.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, सडकेपासून आत. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आजोबांच्या, किसन यमगरांच्या, काळात थोडी जमीन झाली आणि पाय एका जागी टेकले. आत्याचं लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालं. शाळा पाचवीत सुटलेली. सासरी काही वर्षं काढली, मूल झालं नाही, आणि एक दिवस नवऱ्यानं दुसरी आणून उंबऱ्यात उभी केली. अशा वेळी बाई रडते, भावाला निरोप धाडते, चार माणसं बसतात, कुणी तरी समजूत काढतं. आत्यानं यातलं काही केलं नाही. आजोबांनी तिला लग्नात एक वगार दिली होती, तिची तोवर चांगली दुभती म्हैस झाली होती. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव चांदी. आत्यानं चांदीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन माहेरची वाट धरली. वाटेत सासऱ्यानं अडवलं तर म्हणाली, तुमचा ल्योक तुमच्यापाशी ठेवा, म्हैस माझी हाय. दुपारच्या वेळी बाई पुढं आणि म्हैस मागं अशी ती गावात शिरली, तेव्हा आमच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. गावानं त्या दिवसापासून तिचं नाव टाकलंच. ‘मारुतीची बहीण’, नाही तर ‘ती टाकलेली’. आत्या यावर चिडायची. म्हणायची, ‘मला कुणी टाकलं न्हाई. मी टाकून आले.’ पण ऐकतंय कोण?

मी सातवीत होते त्या सालाची गोष्ट. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, कडबा संपला, आणि दूध संघानं सडकेच्या कडेला जनावरांची छावणी उघडली. घरटी एक-दोन माणसं जनावरांसोबत तिथंच पाल टाकून राहायची. आमच्या घरून आत्या गेली, चांदी आणि बैलजोडी घेऊन, आणि शाळा सुटली की मीही तिथंच. सकाळी चाऱ्याला उसाची वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, वाटायचे. ज्याच्या घशाला जोर त्याच्या पदरात ओलं वाढं. आत्याच्या घशाला जोर होता.

त्याच साली अजून एक गोष्ट झाली. संघानं गावोगाव बायांच्या दूध संस्था काढायचं ठरवलं. सभासद बायाच, आणि सचिवही बाईच. सचिव म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची, कॅन गाडीवर चढवायचे, आणि महिन्याला ठरलेला पगार. अट एकच होती, सचिव सातवी पास पाहिजे. गावात एक दूध संस्था आधीचीच होती, तिचे चेअरमन म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. नव्या संस्थेची मांडामांड त्यांच्याच हातात होती आणि त्यांच्या मनात त्यांची सून होती. आत्यानं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना गाठून विचारलं की सातवीची परीक्षा बाहेरून देता येते का. आमचे गुरुजी भला माणूस. देता येते म्हणाले आणि फॉर्मही आणून दिला.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही रुचलं नाही. ते वाईट नव्हते, पण भित्रे होते. भावकीत हसं होईल, चेअरमन मनात धरतील, आणि पोरींच्या वयाच्या लेकरांत जाऊन कुठं बसतीस, असं बरंच बोलले. खायला घालतोय ना मी, असंही म्हणाले. आत्या चांदीसमोर वाढं टाकत होती. हातातलं न थांबवता म्हणाली, ‘दादा, तू घालतोस म्हणूनच तर. तुझ्या ताटातलं किती दिवस खाऊ? उद्या तुझ्या सुना येत्याल, त्या वाढत्याल का मला?’ खरं होतं ते. सातवी पास म्हणजे तिच्यासाठी स्वतःची चूल होती, दुसरं काही नाही.

मग सुरू झाली उजळणी. परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी नि आत्या एकाच वर्गात. पाचवीपर्यंतचं तिला येत होतं पण गंजलं होतं. वाचताना बोट ठेवून वाचायची, जोडाक्षर आलं की बोट अडायचं, बोट अडलं की ती त्या अक्षराला शिवी द्यायची आणि पुढं जायची. वाचायला धडे तर होतेच, पण छावणीत पेंडीच्या दुकानातून जे जे कागद यायचे तेही ती वाचून काढायची. मोठ्यानं. हळूहळू शेजारच्या पालांतली म्हातारी माणसं जवळ येऊन बसायला लागली. बातमी महिन्यापूर्वीची असली तरी त्यांना नवीच. अर्धा कागद फाटलेला असला की बातमी मध्येच तुटायची, आणि म्हातारे हळहळायचे. आत्या म्हणायची, पुढचं तुमच्या मनानं लावा, सरकार तरी काय करतंय.

लिहिण्याची पंचाईत होती. माझी एकच पाटी, तीही फुटकी, आणि वह्या जपून वापरायच्या. एकदा मी तिला काळ समजावून सांगत होते आणि पाटी काही सापडेना. आत्या उठली, चांदीजवळ गेली आणि बोटानं तिच्या पाठीवर लिहिलं, ‘टँकर आला.’ मी बघतच राहिले. पाणी प्यायलाच मिळेना, तिथं म्हैस कोण धुतंय? कितीतरी दिवस न धुतल्यानं चांदीच्या अंगावर सडकेच्या धुळीचा राखाडी थर बसला होता. त्यावर बोट फिरलं की खालून काळंभोर अक्षर उठायचं. हाताच्या तळव्यानं थापटलं की नवा फळा तयार, धुळीला काय तोटा होता? त्या दिवसापासून चांदी आमची शाळा झाली. डाव्या कुशीवर व्याकरण, उजव्या कुशीवर शुद्धलेखन. चांदीही गुणाची, वाढं तोंडात असलं की हलायची नाही. फक्त गोमाशी बसली की कातडं थरथरवायची आणि शेपूट फिरवायची. शेपटीच्या टप्प्यात आलेलं सगळं पुसलं जायचं. आत्या म्हणायची, बाईसाहेबांना पटलं न्हाई, परत लिही.

तिच्याशी व्याकरण करणं म्हणजे भांडणच होतं. भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ मी ‘टँकर’ घेऊनच शिकवले. टँकर आला, टँकर येतो, टँकर येईल. ती म्हणाली, पहिले दोन पाठ करून काय उपयोग, आपल्या गावात तिसराच चालतो. कर्ता शोधायला दिला की ती विचारायची, ह्यानं हे केलं कावून? अगं, कावून ते विचारलेलं नाही, कोण ते सांग. तर म्हणायची, कारण कळल्याबिगर माणूस कसा ओळखायचा. एकदा दूध संघाचे साहेब जनावरं बघायला आले. एकेक जनावर बघत पुढं सरकत होते, आमच्या चांदीपाशी येऊन थबकले. कुशीवर लिहिलेलं होतं, ‘विशेषण म्हणजे नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द.’ साहेबांनी ते सावकाश वाचलं, चष्मा पुसला, आणि सोबतच्या माणसाला विचारलं की ही म्हैस कितवीला आहे. सगळी छावणी हसली. आत्याही हसली, पण लगेच साहेबांना म्हणाली, मी सातवीला हाय, आन बायांच्या संस्थेच्या सचिव पदाला उभी राहणार हाय, ध्यानात ठेवा. चेअरमन शेजारीच उभे होते. ते हसायचे थांबले.

शेवटच्या आठवड्यात गुरुजी स्वतः छावणीत यायला लागले. शाळेतली आणखीही पाच-सहा पोरं जनावरांमागं तिथंच अडकली होती, त्यांनाही गोळा केलं. निबंध झाले, म्हणी झाल्या, विरामचिन्हं झाली. मग आलं पत्रलेखन. मायना, विषय, मजकूर, शेवट. गुरुजींनी बजावून सांगितलं की खाली स्वतःचं नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही. ‘आपला विश्वासू, अ. ब. क.’ एवढंच. कारण तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळता कामा नये. पोरांनी माना हलवल्या. आम्ही पहिलीपासून हेच ऐकत आलो होतो, त्यात विचारण्यासारखं काय होतं? आत्यानं मात्र मान हलवली नाही. तिनं चांदीच्या पाठीवर ‘अ. ब. क.’ लिहिलं, थोडा वेळ त्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘गुरुजी, मी जन्मभर अ. ब. क.च हाय. कुणाची बहीण, कुणाची टाकलेली. आता कुठं नाव लिहायला शिकले, तर तुमी म्हणता लिहू नको.’ गुरुजी हसले आणि म्हणाले, परीक्षेपुरतं हो, एकदा पास झालात की हवं तिथं लिहा. तिनं तळव्यानं ती अक्षरं थापटून मोडली आणि पुढचा प्रश्न घ्या म्हणाली. मला वाटलं, पटलं तिला.

केंद्र बीडला होतं. आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो. आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, डोक्याला तेल. पर्यवेक्षक बाईंना वाटलं कुणाची तरी आई आहे, त्या म्हणाल्या, पालकांनी बाहेर थांबा. आत्यानं नंबराची चिठ्ठी दाखवली आणि तेरा वर्षांच्या पोरांच्या बाकात गुडघे दुमडून बसली. मी दोन ओळी पलीकडं होते. मराठीचा पेपर हातात आला आणि मी पहिल्यांदा पत्र बघितलं. ‘आपल्या गावातील पाणीटंचाईबाबत तहसीलदारांना अर्ज लिहा.’ मला बरं वाटलं, ठरलेला अर्ज होता, पाठच होता. मान वर करून आत्याकडं पाहिलं. ती प्रश्नपत्रिकेकडं टक लावून बघत होती... आणि मग तिनं पदर खोचला आणि लिहायला लागली. बोट ठेवून वाचणारी बाई, पण तिचा हात त्या दिवशी थांबला म्हणून नाही.

बाहेर आल्यावर लिंबाखाली भाकरी सोडली आणि मी विचारलं, अर्ज लिहिलास का? लिहिला की, म्हणाली. खरा लिहिला. गावाला टँकर मंजूर आहे, तो गावच्या आडात पडायच्या आधी चेअरमनच्या शेतातल्या विहिरीत अर्धा रिकामा होतो, उरलेल्या गाळात बाया कपबशीनं पाणी भरतात. वार लिहिले, ड्रायव्हर कसा दिसतो ते लिहिलं. आणि खाली? माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. खाली काय लिहिलंस आत्या? ती भाकरीला ठेचा लावत म्हणाली, ‘माझं नाव. पुरं. आन गाव, तालुका, जिल्हा. अर्ज खरा आन नाव खोटं, असा अर्ज कोण वाचतंय?’

गुरुजींना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून पालाच्या दोरीवरच बसले, आणि पाल अंगावर येता येता राहिलं. निकाल लागला. माझ्या नंबरापुढं पास होतं. आत्याच्या नंबरापुढं ‘राखून ठेवला’. पाठोपाठ बीडच्या शिक्षण खात्याचं बोलावणं. दादा, गुरुजी, आत्या आणि मी, असे चौघं गेलो. साहेब शांत माणूस होते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. समजावून सांगितलं की पेपरात ओळख उघडी केली की तो गैरप्रकार धरतात, नियम सगळ्यांना सारखा. तुमचं वय, तुमची परिस्थिती बघून मी एक मार्ग काढतो. बाकी सगळ्या विषयांत तुम्ही पास आहात, मराठीतही अर्जाचे मार्क वगळले तरी पास होता. फक्त दोन ओळी लिहून द्या, की माझ्याकडून हे चुकून झालं. मी लगेच निकाल सोडतो.

दादांचा जीव भांड्यात पडला. गुरुजींनी स्वतःचा पेन काढून तिच्यापुढं धरला. मी तिच्या खुर्चीला चिकटून उभी होते. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं. कुणी म्हणेल तिला काही वाटलं नाही, तर ते खोटं. सचिवपद दोन ओळींवर आलं होतं. स्वतःची चूल, स्वतःची दोन खोल्यांची जागा, भावजयीच्या हाताकडं न बघता खाल्लेला घास... सगळं त्या पेनाच्या टोकावर. तिनं पेन घेतला. उघडला. परत टोपण लावलं.

‘सायेब, चुकून लिहिलं असतं तर लिहून दिलं असतं,’ ती म्हणाली. ‘मी चुकून लिहिलेलं न्हाई. मला अर्ज लिहा म्हणलं, मी लिहिला. त्यातलं एक जरी खोटं असंल तर मला नापास करा. पन माझं नाव ही चूक हाय, असं माझ्या हातानं मी लिहून देणार न्हाई.’

साहेब मग म्हणाले, बाई, माझाही इलाज नाही. आत्या म्हणाली, तुमचा न्हाईच, मला ठाव हाय. उठली, नमस्कार केला आणि बाहेर आली. दादा बोलले ते थेट फाट्यावर उतरल्यावर. म्हणाले, द्वारके, आता बस जन्मभर माझ्या दारात. आत्या म्हणाली, बसते, पन पुढच्या सालापतूर.

लोक गोष्ट इथं गोड करतात. म्हणतात, साहेबांचं मन द्रवलं आणि त्यांनी तिला पास केलं. कुणी सांगितलं? साफ नापास झाली. सचिव झाली चेअरमनची सून. गावात आत्याची टिंगल झाली ती झालीच. पारावर बसून एक जण तिला ऐकू जाईल असं दुसऱ्याला म्हणायचा, बे, नाव लिहून नापास झालेली एकच बाई हाय जिल्ह्यात. आत्या थांबायची आणि म्हणायची, नाव तरी घे मग, टाकलेली कावून म्हणतोस? आणि ती काही घरात बसली नाही. पेपरातला तोच अर्ज तिनं परत लिहिला, शब्द न् शब्द पाठ होता, आणि तहसीलला जाऊन साहेबांच्या हातात दिला. पहिल्या खेपेला कुणी दाद दिली नाही. दुसऱ्या खेपेला ती पाच-सात बाया आणि त्यांच्या रिकाम्या घागरी घेऊन गेली. त्यानंतर टँकर थेट गावच्या आडावर यायला लागला. सगळा नाही, कधी कधी अर्धाच. पण बायांनी गाळ उपसायचं थांबवलं.

पुढच्या वर्षी ती परत बसली. मी आठवीत गेले होते, पण उजळणी चांदीच्या पाठीवरच. पेपरात पुन्हा पत्र आलंच. पत्र यायचंच, त्याला काय. आत्यानं तो प्रश्न सोडवलाच नाही. अक्खा कोरा ठेवला. बाहेर आल्यावर मी चिडले, तर शांतपणे म्हणाली, मार्क सोडले, नाव न्हाई सोडलं. बाकीच्या पेपरात एवढे मिळवले होते की पत्रावाचून पास झाली. सातवी पास, द्वारका किसन यमगर. दादा त्या दिवशी चौसाळ्याहून पेढे घेऊन आले आणि तिच्यासमोर पुडा ठेवून न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले. आत्यानं पहिला पेढा चांदीला दिला. आईची चिडचिड झाली, म्हशीला कुणी पेढा देतं का.

सचिवपद तरीही लगेच मिळालं नाही. चेअरमनची सून होती ना बसलेली. पण पहाटेचं दुधाचं काम म्हणजे झोप मोडायची, हाताला वास, आणि बायांची बोलणी. सून वरचेवर दांडी मारायची, दूध नासायचं. शेवटी एका सकाळी सगळ्या बाया दुधाच्या बरण्या घेऊन आल्या आणि संस्थेच्या दारात खालीच बसल्या. दूध आहे, पण घालणार नाही, द्वारकाबाई मापायला बसली तर घालू. चेअरमननी आधी दम दिला, मग समजावलं, ऊन चढायला लागलं तसा त्यांचा आवाज उतरत गेला. दूध कुणासाठी थांबत नाही. त्या सकाळी आत्या मापावर बसली ती पुढं गुडघे गेले तोवर उठली नाही. संस्थेजवळच दोन खोल्या बांधल्या, पुढं गोठा, आणि दारावर रंगानं स्वतःचं नाव लिहून घेतलं. अख्ख्या गल्लीत तेवढंच दार बाईच्या नावाचं.

आणि उजळणी? ती थांबलीच नाही. सातवीची, दहावीची, भरतीची, तलाठ्याची, कसलीही परीक्षा जवळ आली की पोरं-पोरी आत्याच्या गोठ्यात. माझ्या नर्सिंगच्या परीक्षेची उजळणीही मी तिथंच केली, हाडांची नावं म्हशीच्या हाडांवर बोट ठेवून. पाऊस बरा झाला, नळ आले, पोरांच्या हातात वह्याच काय, फोन आले, तरी तिचा एक नेम मोडला नाही. परीक्षेच्या दिवसांत गोठ्यातली एक म्हैस धुवायची नाही. चांदी गेली, चांदीची लेक गेली, नातही गेली, नेम तोच. पोरं हसायची, आत्याबाई, आता फळा हाय, वही हाय. ती म्हणायची, वहीत लिहिलं की माणूस वही मिटून घरी जातो. म्हशीवर लिहिलेलं राखायला उभं राहावं लागतं. आणि उजळणी संपली की प्रत्येकानं पाठीवर आपलं पूर्ण नाव लिहायचं, मगच जायचं. सुना आल्या, लग्न होऊन आलेल्या पोरी आल्या, त्यांना सांगायची, नवऱ्याचं लिही, बापाचं लिही, न्हाई तर कुणाचंच लिहू नको, पन तुझं आधी लिही.

तेराव्याला मी गेले. मांडवात मोठा फ्लेक्स लागलेला, त्यावरही तेच, ‘यांच्या भगिनी’. आत्याचा फोटो, खाली दहा-बारा पुरुषांची नावं, शोकाकुल म्हणून. मी अविनाशला बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, आक्का, आता छापून झालं. मी म्हटलं, छापून झालं तर झालं, त्याची मला पर्वा न्हाई, आणि जेवणाच्या पंगतीतून उठून गोठ्यात गेले.

दिवस परीक्षांचे होते. पाहुणे येणार म्हणून गोठा झाडलेला, सारवलेला, जनावरं धुऊन चकचकीत केलेली. आणि कोपऱ्यात एक म्हैस तशीच. न धुतलेली, अंगावर धुळीचा थर, कपाळावर पांढरा टिळा. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. कुणालाच सांगावं लागलं नसेल. मी तिच्याजवळ गेले, पाठीवर हात फिरवला. वाढं नव्हतं, कडबा टाकला. तिनं तोंड घातलं. मग मी बोटानं, सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, द्वारका किसन यमगर. धुळीखालून काळंभोर नाव उठलं. मांडवातून माणसं दिसत होती, त्यांनाही दिसत असणार... दिसू दे. गोमाशी बसली असावी, म्हशीनं कातडं थरथरवलं आणि शेपूट फिरवलं. अर्धं नाव पुसलं गेलं.

मी परत लिहिलं.